रविवारच्या गोळ्या

आमच्या जाऊबाई माझ्याशी बोलताना मान वाकडी करायला लागल्या, तेव्हा मला आधी आला तो राग. खोटं कशाला सांगू? मी वाढतेय, विचारतेय, "ताई, भाजी घालू का अजून?" आणि ह्या खिडकीकडे तोंड करून म्हणतात, "घाल." जरा वेळानं बघावं तर तोंड दाराकडे. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमच्या वहिनींचं काहीतरी बिनसलंय. मी काय त्यांचं घोडं मारलंय?" आमचे हे घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरतात. दिवसभर आकडे बघून आलेल्या माणसाला बायकांच्या माना कुठून दिसणार! "अवघडली असेल मान," म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर लवकर गेले, पोटी मूल नाही. एका छताखाली आम्ही दोघी इतकी वर्षं नांदलो, की भांडायला नवीन विषय उरला नव्हता. जुनेच धुऊन वापरायचो. मी तोंडाची फटकळ, त्या मुलखाच्या घुम्या. मी चार वाक्यं बोलले की त्या एक शब्द बोलायच्या, आणि तो असा नेमका की माझी चारही वाया जायची.

त्यांचं काम रफूचं. चौकातल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांची खुर्ची. कुणाच्या कोटाला सिगारेटनं भोक पाडलेलं, कुणाच्या लोकरी शालीला कसर लागलेली, कुणाची नवीकोरी पँट खिळ्याला अडकून फाटलेली, सगळं त्यांच्याकडे. लोक त्यांना दोरामावशी म्हणत. शिवण वेगळी आणि रफू वेगळं, हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं. शिवण भोक झाकते. रफू झालं की तिथे भोक होतं हेच कळत नाही. त्याला बाजारचा दोरा चालत नाही. रंग जुळला तरी चमक जुळत नाही. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उपसायचा आणि भोकावर उभा-आडवा विणायचा. "दिसत नाही तिथलं काढायचं, दिसतं तिथं घालायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एक दिवस लाँड्रीवाले मामा स्वतः घरी आले. लाँड्री सोडून हा माणूस कुठे जात नाही, म्हणून मी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "काय झालं?"

"दोरामावशींना काय होतंय ते विचारा बुवा तुम्हीच," मामा म्हणाले. "नुसत्या बसून राहतात. मग एकदम भराभर टाके घालतात. मग पुन्हा हात थांबवून बसून राहतात. काल तर पांढऱ्या कोटावर रक्ताचे ठिपके पडले. सुई बोटात जातेय त्यांच्या."

मामा गेल्यावर मी जाऊबाईंची बोटं उलटी करून बघितली. टोचून टोचून चाळण झाली होती.

"ताई, काय आहे हे?"

त्यांनी बोटं पदरात ओढून घेतली. मग म्हणाल्या, "सगळं पळतं गं. भिंत या बाजूला पळत सुटते, थांबतच नाही. मग जरा वेळ उभी राहते. मग त्या बाजूला पळायला लागते. मान वळवली की जरा हळू पळते. मधे उभी राहते ना, तेवढ्यात मी टाका घालते."

"आणि रस्ता? रस्ता कसा ओलांडता?"

"उभा राहिला की."

ही बाई रोज तो चौक ओलांडत होती, आणि तिनं मान वाकडी केली म्हणून मी तिच्यावर रुसून बसले होते. "अहो, मग बोलायचं नाही का मेलं तोंडानं?"

"बोलले असते तर तुम्ही काम बंद केलं असतं माझं."

केलं असतं. त्यात काय खोटं होतं? त्यांचे डोळे तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितले. बुबुळं एका बाजूला सरकायची आणि झटक्यानं परत यायची, सरकायची आणि परत यायची. त्यांना आतून काय होत असेल, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

मग सुरू झाली वणवण. चष्मेवाल्यानं चष्मा बदलून दिला. त्यानं पळणारी भिंत आणखी स्वच्छ दिसायला लागली. कुणी थेंब दिले, कुणी गाजरं खायला सांगितली. गाजरं खाऊन खाऊन आमच्या ह्यांना लांबचे मीटर दिसायला लागले असतील, जाऊबाईंना काडीचा फरक नाही. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं लहान, पण उगीच घाई नाही. त्यांनी जाऊबाईंच्या डोळ्यांवर दिव्याचा जाड चष्मा चढवला आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. डोळे एका बाजूला धावले, थांबले, दुसऱ्या बाजूला धावले. मग मेंदूचे फोटो काढले.

"डोळे चांगले आहेत तुमचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यांना हुकूम देणारा बिघडलाय. मेंदूच्या मागे लहान मेंदू असतो, तिथे इजा आहे. ती भरून येणार नाही. पण एक गोळी आहे. मुळात आखडलेल्या स्नायूंसाठी देतात, पण नेमक्या या जातीच्या धावण्याला बऱ्याचदा लागू पडते. सगळ्यांनाच पडते असं नाही."

"पडेल," जाऊबाई म्हणाल्या. जसं काही गोळीला हुकूम करत होत्या.

"पडली तर आनंद आहे. पण ऐका, ती हळूहळू वाढवायची. रोज, ठरलेल्या वेळी. मनानं कमी-जास्त करायची नाही आणि अचानक बंद तर अजिबात करायची नाही. हे फार महत्त्वाचं आहे."

आम्ही दोघींनी माना डोलावल्या. जाऊबाईंची मान आधीच डोलत होती म्हणा.

गोळीनं आधी जीव घेतला. बाई जेवताना घास हातात धरून झोपायच्या. उठल्या की भिंत धरून चालायच्या, सकाळी ओकाऱ्या. मी म्हटलं, आगीतून फुफाट्यात. आमचे हे म्हणाले, "वहिनी, नको ती गोळी, मी आहे ना, तुम्हाला काम करायची गरज काय?" त्यावर जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, म्हणजे त्यांच्या शेजारच्या कपाटाकडे, की हे उठून बाहेर गेले. गरजेचा प्रश्नच नव्हता. त्या बाईला आयुष्यात एकच गोष्ट स्वतःची होती, ती सुई. नवरा दुसऱ्यानं ठरवलेला, घर सासऱ्यांचं, स्वयंपाकघर माझं. सुई तेवढी त्यांची. ती परत हातात धरता यावी म्हणून त्या ओकत होत्या, पडत होत्या आणि परत गोळी घेत होत्या.

आणि मग एक दिवस सकाळी मी ओट्यापाशी उभी होते, आणि मागून त्यांचा आवाज आला, "अगं, थांबलं."

मी वळले. त्या भिंतीवरच्या फरश्यांकडे बघत होत्या. फरश्यांच्या मधल्या रेघा बोटानं हवेत मोजत होत्या, लहान मुलगी मोजते तशा. "सरळ आहेत गं रेघा. सरळ आहेत." आणि ही घुमी बाई, दीर गेले तेव्हासुद्धा चारचौघांत न रडलेली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मीही रडले. गॅसवरचं दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं मेलं.

आता इथेच ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण नशिबाला आमचं बरं बघवत नाही.

गोळीनं डोळे थांबले, पण पूर्ण नाहीत. गोळी घेतली की तासाभरानं जग जागेवर यायचं. पुढची गोळी जवळ आली की कडेनं थरथरायला लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याहून वाढवता येणार नाही. वाढवली तर नुसती झोप, श्वासावरसुद्धा येईल. एवढ्यावर भागवा." जाऊबाई बरं म्हणाल्या. लाँड्रीतली खुर्ची पुन्हा भरली. मामांनी आनंदानं सगळ्यांना चहा पाजला.

भागवायला जमलंही असतं, पण तो काळा कोट आला. एका वकिलाचा, अंगात घालून कोर्टात उभा राहायचा कोट. कुठल्याशा तारेत अडकून बाहीला भोक आणि छातीवर हातभर फाटलेला. काळ्यावर काळा धागा विणणं म्हणजे रफूगाराची सत्त्वपरीक्षा. चांगल्या डोळ्यांचे लोकसुद्धा काळं कापड परत करतात. जाऊबाईंनी घेतलं. "काळं जमलं तर मी बरी झाले," म्हणाल्या.

मघाशी त्यांचं वाक्य सांगितलं ना, दिसत नाही तिथलं काढायचं आणि दिसतं तिथं घालायचं. त्या बाईनं तेच केलं. लाँड्री रविवारी बंद. रविवारी डोळ्यांना काम काय? कुणाला दाखवायचेत? म्हणून रविवारच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि कामाच्या दिवशी दोन-दोन घेतल्या. रविवारी खोलीत डोळे मिटून पडून राहायच्या. आम्हाला वाटायचं, थकल्या असतील आठवडाभर. मीच दार लोटून घ्यायचे, आवाज नको म्हणून. काळा कोट सुरू झाल्यावर रविवार पुरेना. मग रात्रीच्या गोळ्या काढल्या; झोपेत काय बघायचंय? मग पुढच्या रविवारच्याही आधीच वापरल्या. डबी त्यांच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या खांद्याला. महिन्याची गोळ्यांची डबी महिना संपायच्या आत रिकामी झाली. नवीन आणायला जायचं तर कुणीतरी विचारेल, एवढ्यात कशा संपल्या? म्हणून बाई गप्प बसल्या. शेवटचे दोन दिवस पोटात एक गोळी नाही, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

सोमवारी सकाळी नाश्त्याला बसल्या आणि ताटाच्या कडेनं बोटानं काहीतरी झटकायला लागल्या.

"किती मुंग्या झाल्यात गं."

"माझ्या स्वयंपाकघरात?" मी फिरलेच. "एक मुंगी दाखवा, एक! मी रोज फरशी पुसते, हात लावून बघा." त्यांनी बाहीवरूनही काहीतरी झटकलं, आणि पिशवी घेऊन गेल्या. कपाळ नुसतं घामानं थबथबलेलं. मी आपली मुंग्यांवरून तणतणत राहिले.

पुढचं मामांनी सांगितलं. रफू विणून झालं की त्यावर ओलं फडकं टाकून इस्त्री दाबायची, म्हणजे धागे कापडात बसतात. हे काम जाऊबाई इस्त्रीवाल्याला कधी करू देत नसत. तो दाब देतो, मी बसवते, म्हणायच्या. काळ्या कोटाच्या बाहीचं भोक भरून झालं होतं. इस्त्रीवाला चहाला बाहेर, मामा पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. मागून धप्प असा आवाज आला. मामांना वाटलं, गाठोडं पडलं. मग करपल्याचा वास आला. त्यांना वाटलं, कापड जळलं.

कापड नव्हतं ते. फिट आली होती. बाई टेबलावर आडव्या, इस्त्री कलंडलेली, तिच्या तापलेल्या बुडावर उजव्या हाताचा पंजा आणि त्या पंजावर सगळ्या अंगाचा भार. अंग ताठ, दात आवळलेले. मामांना आणि त्या गिऱ्हाइकाला दोघांना मिळून त्या सोडवेनात.

हॉस्पिटलात एकामागून एक फिट येत राहिल्या. शुद्धीवर आल्या तर भिंतीतून धागे निघतायत म्हणून ओरडायच्या, डाव्या हातानं ते ओढायला बघायच्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळी बंद केली होती का?"

"छे हो, रोज घेतात."

मग पिशवी उघडली आणि रिकामी डबी निघाली.

गोळी पुन्हा सुरू केली, फिट थांबल्या, बाई माणसात आल्या. डॉक्टरीणबाई खाटेशी बसून हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, कमी-जास्त करू नका म्हणून?"

जाऊबाईंचे डोळे सैरावैरा धावत होते. त्यातूनही त्यांना राग आलेला कळत होता. "मी कुठे कमी-जास्त केल्या? महिन्याच्या तेवढ्याच घेतल्या. एकही जास्त नाही. नुसत्या इकडच्या तिकडे केल्या."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मला तर असं वाटलं, या बाईला गदागदा हलवावं. अहो, तो काय कोट आहे? मेंदू म्हणजे काय आतली दुमड आहे, उपसला धागा आणि घातला दुसरीकडे? पण खाटेवरच्या माणसाला काय बोलणार! तोंड दाबून बाहेर आले आणि पॅसेजमधल्या बाकावर बसून रडले.

हाताचे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कातडी लावता येईल. पण अंगठा आणि पहिली दोन बोटं आतपर्यंत भाजली आहेत. बोटं वाकवणारे दोर गेले, शिरा गेल्या. भांडं धरता येईल, दार ढकलता येईल. बारीक वस्तू धरता येणार नाही. धरली तरी हातात आहे का नाही, ते कळणार नाही.

"सुई?" आमच्या ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "वहिनींना आत्ता नको सांगायला. आधी डोळे तर बरे होऊ देत." मी हो म्हटलं. काय चुकीचं होतं त्यात? जाऊबाई स्वतःच हाताचं विचारत नव्हत्या. "हाताचं काय, भाजलेलं भरतंच," म्हणायच्या. "डोळ्यांचं बघा. यावेळी मी एक गोळी इकडची तिकडे करणार नाही. तूच दे मला. डबी तुझ्याकडे ठेव."

म्हणून डबी माझ्याकडे आली.

गोळी पुन्हा अगदी थोड्यापासून सुरू करायची होती, बेतानं वाढवत. ते दिवस आठवले तरी नको होतं. डोळे पहिल्यापेक्षा दुप्पट धावायचे. बाई घरभर भिंती चाचपत फिरायच्या, नाहीतर डोळ्यांवर फडकं बांधून पडून राहायच्या. जेवण भरवावं लागे. चमच्याकडे बघितलं की ओकारी. एकदा मी उशी बदलत होते तर माझा हात धरला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "ही उशी माझ्या तोंडावर दाब गं. तू मजबूत आहेस. मी हलणार नाही."

"काहीतरी बरळू नका!"

"बरळत नाही. हे पळणं थांबणार नसेल तर मला नको आहे हे. सुई नाही, रस्ता नाही, माणसाचं तोंड दिसत नाही. कशाला ठेवलंय मला?"

"थांबेल," मी म्हटलं. "मागे थांबलं होतं ना? थांबेल." आणि म्हणता म्हणता मी तोंड फिरवलं, कारण थांबलं की काय दिसणार होतं, ते मला माहीत होतं.

हाताची पट्टी निघाली आणि त्यावर घट्ट हातमोजा आला, व्रण दाबून ठेवायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. बोटं हलत नव्हती, तरी जाऊबाई डाव्या हातानं उजवी बोटं वाकवत बसायच्या. "आखडलेत जरा. होतील मोकळी." एरवी फाटक्या तोंडाची मी, पण तेवढ्यात भांडी घासायला उठायचे. आमचे हे तर कामावरून आले की वहिनींच्या खोलीत जायलाच घाबरायचे. दारातून "कसं वाटतंय?" विचारायचे आणि पळ काढायचे.

गोळी वाढत गेली तसे डोळे हळू झाले. रोज सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन जायचे, त्यांच्या जिभेवर गोळी ठेवायचे आणि मनात म्हणायचे, आज नको. थांबू देत डोळे, पण आज नको. असली प्रार्थना कुणी केली असेल का? एका तोंडानं औषध लागू पड म्हणायचं आणि त्याच तोंडानं, घाई नको.

आणि एक दिवस ऊन चांगलं खिडकीतून आत आलं असताना त्यांनी हाक मारली. "इकडे ये."

आवाजावरूनच मी ओळखलं. हात पुसत गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या, हातमोजा काढून बाजूला ठेवलेला. उजवा पंजा उन्हात धरला होता आणि डाव्या हाताच्या बोटांनी तो फिरवून फिरवून बघत होत्या, गिऱ्हाईक समोर उभं असताना कापड बघतात तसा. कातडी ओढलेली, लालभडक, अंगठा आत मुडपलेला, बोटं पक्ष्याच्या नखांसारखी. आणि त्यांचे डोळे थांबलेले होते. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा जागेवर उभे होते, आणि त्या हातावर उभे होते.

"तुम्हा दोघांना कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, व्यायाम केले की..."

"गप्प बस. कापड ओळखते मी." बोटानं त्यांनी व्रणाची कड दाखवली. "भोक केवढंही असो, कडेनं धरायला धड कापड लागतं. इथे धड आहे कुठे?"

मी खिडकीचा पडदा ओढायला गेले.

"हॉस्पिटलातच सांगितलं ना तुम्हाला?"

"हो."

"म्हणजे रोज गोळी देताना तुला ठाऊक होतं."

"होतं! होतं ठाऊक!" माझा बांध फुटला. "दिली नाही तर फिट येऊन मराल, दिली तर हे बघाल. मी काय करायचं होतं, सांगा ना! तुम्हीच सांगा!"

त्या रडल्या नाहीत. हातमोजा एका हातानं घालायला बघत होत्या, जमेना. मीच गुडघ्यावर बसून घातला.

"पळत होतं तोवर मला वाटत होतं, हात आहे," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी गोळी घेतली नाही. तोंड मिटून बसल्या. मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. "पळू देत," एवढंच. "आता कशासाठी थांबवायचे? काय बघायचंय?" संध्याकाळचीही घेतली नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, काहीही करून द्या, नाहीतर इथे आणा, वेळ घालवू नका. मी यांना कामावरून बोलावलं. हे खांद्याला पिशवी तशीच, दारात उभे. "वहिनी, घ्या हो," एवढंच म्हणता आलं. मग बाहेरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मी जाऊबाईंच्या समोर स्टूल ओढलं आणि बसले. एका हातात गोळी, एका हातात पेला.

"ताई, तोंड उघडा."

नाही.

"उघडा म्हणते ना!"

त्यांची नजर हातमोज्यावर. कपाळावर घामाचे थेंब यायला लागले होते. डाव्या हाताची बोटं बाहीवरून काहीतरी झटकत होती. मुंग्या.

"अगं, उघड ना तोंड!" मी किंचाळले. सगळा जन्म मी त्यांना अहो-जाहो केलं होतं, भांडतानासुद्धा. "तिकडे नको बघूस! माझ्याकडे बघ! गेला तुझा हात, गेला, जळला तो! मी कुठे गेलेय? तू मेलीस तर मी या घरात भांडू कुणाशी? त्या मीटरवाल्याशी? बघ माझ्याकडे!"

त्यांनी मान वर केली. डोळे कडेनं थरथरायला लागले होते, पण अजून जागेवर होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. केसांकडे, गालांकडे, डोळ्यांखाली. एकेक ठिकाणी थांबून थांबून.

"तू म्हातारी झालीस गं," त्या म्हणाल्या. "हेही मला कुणी सांगितलं नाही."

आणि त्यांनी तोंड उघडलं.